शुगर वाढलेली दिसते, तरी गोळ्या त्याच का राहतात? डॉक्टरांच्या डोक्यात नेमकं काय चालतं?

समजा, सिंदेवाही तालुक्यातल्या एखाद्या गावातले पंचावन्न वर्षांचे शेतकरी आहेत. सहा वर्षांपासून शुगर आहे. महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ते आरोग्य केंद्रात येतात. बाहेर पन्नास-साठ माणसांची रांग असते. उपाशीपोटीची शुगर निघते २१२.

डॉक्टर आकडा बघतात. "काका, शुगर वाढलीय. भात कमी करा. पुढच्या महिन्यात बघू."

"बरं जी, डॉक्टरसाहेब."

चिठ्ठीवर त्याच गोळ्या लिहिल्या जातात. पुढच्या महिन्यात शुगर २०५. त्याच गोळ्या. मग तेंदूपत्त्याचा हंगाम येतो आणि काका दोन महिने येतच नाहीत. पावसाळ्यात रोवणी सुरू होते. चिखलात पायात काहीतरी रुततं, पण पाय बधिर झालेला असल्यामुळे कळत नाही. कळतं तेव्हा जखम चिघळलेली असते.

आता प्रश्न असा की, डॉक्टरांना माहीत नव्हतं का? होतं. शुगर दोनशेच्या वर राहिली तर औषध वाढवायचं, पाय तपासायचे, हे त्यांनी शिकलेलं असतं. औषधही बऱ्याचदा कपाटात असतं. मग झालं का नाही?

याचं उत्तर मेंदूत दडलंय, आणि ते फक्त रुग्णाच्या नाही, डॉक्टरांच्याही.

नियम काय सांगतात?

मधुमेहाच्या रुग्णासाठी कोणती काळजी घ्यायची याची यादी जगभर जवळपास सारखीच आहे. दर भेटीत रक्तदाब. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी वर्षातून निदान दोनदा, आणि साखर आटोक्यात नसेल तर दर तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, एकदा लघवीतलं प्रथिन आणि किडनीची तपासणी, एकदा दोन्ही पायांची नीट तपासणी. आणि साखर ठरलेल्या पातळीवर नसेल तर औषध वाढवणं.

यातली एकही गोष्ट अवघड नाही. पायाची संवेदना तपासायला नायलॉनचा एक बारीक तंतू आणि दोन-तीन मिनिटं लागतात.

फायदाही छोटा नाही. ब्रिटनमध्ये हजारो मधुमेही रुग्णांवर अनेक वर्षं एक मोठा अभ्यास झाला. त्याच्या २००० साली आलेल्या विश्लेषणात दिसलं की, एचबीएवनसी एका टक्क्याने कमी असेल तर डोळे, किडनी आणि नसा यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी आढळतात.

तरीही आयसीएमआरच्या इंडियाब सर्वेक्षणाच्या पहिल्या टप्प्यात, मधुमेह असल्याचं माहीत असलेल्या लोकांपैकी एचबीएवनसी ७ च्या खाली असलेले एक तृतीयांशही नव्हते. शहरात ३१.१ टक्के, खेड्यात ३०.८ टक्के. म्हणजे मोठी हॉस्पिटलं असलेलं शहर आणि खेडं यांच्यात जवळपास फरकच नाही. सगळा दोष सोयीसुविधांचा असता, तर हा फरक दिसायला हवा होता.

या रेंगाळण्याला नाव आहे

२००१ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरात काम करणारे डॉ. लॉरेन्स फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला. आजार ओळखलाय, उपाय माहीत आहे, उपाय उपलब्ध आहे, तरी तो केला जात नाही, याला त्यांनी नाव दिलं 'क्लिनिकल इनर्शिया'. मराठीत त्याला 'उपचारांचं रेंगाळणं' म्हणता येईल.

त्यांनी तीन कारणं मांडली. एक, आपण जेवढी काळजी घेतो त्यापेक्षा जास्त घेतोय असं डॉक्टरांना वाटतं. दोन, औषध न वाढवण्यासाठी वरवर पटणारी कारणं शोधली जातात. तीन, ठरलेली पातळी गाठेपर्यंत उपचार करत राहण्याचं प्रशिक्षण आणि तशी व्यवस्था नसते.

हे रेंगाळणं किती लांबतं? २०१३ साली ब्रिटनमधल्या ८१,५७३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एका गोळीवर असलेल्या आणि एचबीएवनसी ७ किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांना दुसरी गोळी सुरू व्हायला मधला काळ होता २.९ वर्षं. ही गोष्ट मोफत सरकारी आरोग्यसेवा असलेल्या श्रीमंत देशातली आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

जंगलातल्या लोकांना शुगर-बीपी होत नाही, हा समज अजूनही ऐकू येतो. पण केंद्र सरकारने २०१० साली मधुमेह, कॅन्सर, हृदयरोग आणि पक्षाघातासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तेव्हा पहिल्या टप्प्यातल्या १०० जिल्ह्यांच्या यादीत चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही होते.

गडचिरोलीतल्या 'सर्च' या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात ८६ गावांमधल्या मृत्यूंचा अभ्यास केला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९ पक्षाघाताने झाले होते. म्हणजे दर सात मृत्यूंमागे एक. गावांमधलं ते मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण ठरलं. पक्षाघातामागे सगळ्यात मोठा हात वाढलेल्या रक्तदाबाचा असतो, आणि त्यात मधुमेहाची भर पडली की धोका आणखी वाढतो.

म्हणजे आजार गावात पोहोचलाय. मग उपचार का रेंगाळतात? कारणं एकेक करून बघू.

कारण १ : केलेलं नुकसान दिसतं, न केलेलं दिसत नाही

भामरागडमध्ये पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गावंच्या गावं तुटतात. अशा भागातल्या रुग्णाला डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला किंवा इन्सुलिन सुरू केलं, आणि रात्री शुगर एकदम खाली गेली, तर? घाम, थरथर, बेशुद्धी, आणि रस्ता बंद. ही भीती खोटी नाही.

पण माणसाच्या मेंदूची एक खोड आहे. आपण काही केल्यामुळे झालेलं नुकसान आपल्याला खूप मोठं वाटतं. आपण काही न केल्यामुळे झालेलं नुकसान तेवढं बोचत नाही. डोस वाढवल्यावर रुग्ण बेशुद्ध पडला तर बोट डॉक्टरांकडे जातं. डोस न वाढवल्यामुळे आठ वर्षांनी किडनी गेली, तर ते आजाराच्या नावावर जमा होतं.

त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' हा निर्णय सुरक्षित वाटतो. खरं तर तोही एक निर्णयच असतो, आणि त्याचीही किंमत असते. फक्त ती हप्त्याहप्त्याने फेडावी लागते.

इन्सुलिनच्या बाबतीत हे जास्तच दिसतं. २००१ साली भारतासह १३ देशांत 'डॉन' नावाचा अभ्यास झाला. त्यात इन्सुलिनची धास्ती फक्त रुग्णांना नसते, बरेच डॉक्टर आणि नर्सही ते अगदी नाइलाज होईपर्यंत पुढे ढकलतात, असं दिसलं. "गोळ्या नीट घेतल्या नाहीत तर सुई लावावी लागेल," हे वाक्य अनेकांनी ऐकलं असेल. इन्सुलिनचा असा धाक घातला की रुग्णाला ते औषध न वाटता शिक्षा वाटू लागते. मग ज्या दिवशी खरंच गरज पडते, त्या दिवशी तो नाही म्हणतो.

कारण २ : जे ओरडतं, त्याच्याकडे आधी लक्ष जातं

महाराष्ट्रातल्या मलेरियाच्या रुग्णांचा मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा असतो. त्यात सर्पदंश, अडलेली बाळंतपणं, सिकलसेलचे रुग्ण. इथल्या डॉक्टरांचं मन या तातडीच्या गोष्टींसाठी तयार झालेलं असतं, आणि ते योग्यही आहे. तापाने फणफणलेलं लेकरू समोर असताना शुगरचे काका थांबू शकतात.

अडचण अशी की, शुगर कधीच ओरडत नाही. ती आज थांबते, उद्या थांबते आणि दहा वर्षं थांबून राहते. भारतात प्राथमिक पातळीवर एका रुग्णाला मिळणारा वेळ दोन मिनिटांच्या आसपास असल्याचं आंतरराष्ट्रीय तुलनेत दिसलंय. दोन मिनिटांत जी तक्रार रुग्ण स्वतः सांगतो तिचाच निपटारा होतो. 'पाय दाखवा' म्हणायची पाळीच येत नाही.

याचीच दुसरी बाजू म्हणजे अपेक्षा. मधुमेह हा शहरातल्या, बसून काम करणाऱ्या, पोट सुटलेल्या माणसाचा आजार, असं चित्र डोक्यात पक्कं असेल, तर बारीक अंगाच्या, उन्हात राबणाऱ्या माणसाची शुगर तपासायचं लवकर सुचतच नाही. भारतात सडपातळ माणसांनाही मधुमेह होतो, हे माहीत असूनसुद्धा.

कारण ३ : 'पेशंटच ऐकत नाहीत'

शुगर वाढलेली दिसली की डॉक्टरांना दोन कारणं सुचू शकतात. औषध कमी पडतंय, किंवा रुग्ण पथ्य पाळत नाही. दुसरं कारण मनाला सोपं जातं, कारण त्यात आपल्याला काही बदलावं लागत नाही.

आता झाडीपट्टीचा विचार करा. ब्रह्मपुरी, नागभीड, आरमोरी, वडसा हा सगळा धानाचा पट्टा. दोन वेळा भात हेच इथलं जेवण. अशा माणसाला 'भात बंद करा' सांगणं म्हणजे 'जेवण बंद करा' सांगण्यासारखं आहे. तो मान डोलावतो, घरी जातो आणि भातच खातो. पुढच्या वेळी शुगर वाढलेलीच असते. डॉक्टरांना वाटतं, सांगून उपयोग नाही. असं वीसदा झालं की सल्ला देण्यावरचा त्यांचा स्वतःचाच विश्वास उडतो.

'आपल्याला हे जमेल' ही खात्री मानसशास्त्रात फार महत्त्वाची मानतात. ज्या डॉक्टरला वाटतं की आपल्या बोलण्याने फरक पडतो, तो बोलत राहतो. ज्याला वाटत नाही, तो चिठ्ठी लिहून मोकळा होतो. म्हणून सल्लाच जमण्यासारखा हवा. ताटात भाताचा एक वाढा कमी, डाळ आणि भाजी जास्त, एवढं सांगितलं तर रुग्णाला जमतं आणि डॉक्टरांनाही फरक दिसतो.

माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत भाषेची भिंत वेगळीच. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला समजलं, असं धरून चाललं जातं.

कारण ४ : 'आम्ही तर करतोच'

कोणत्याही डॉक्टरला विचारा, तुम्ही मधुमेही रुग्णांचे पाय तपासता का? बहुतेक जण हो म्हणतील, आणि ते खोटं बोलत नसतील. त्यांना तपासलेले पाय आठवतात. न तपासलेले पाय कुणालाच आठवत नाहीत.

जिश्नू दास आणि जेफ्री हॅमर या अर्थतज्ज्ञांनी दिल्लीतल्या डॉक्टरांचा अभ्यास केला. आधी प्रश्न विचारून त्यांना काय येतं ते पाहिलं, मग दवाखान्यात बसून ते प्रत्यक्षात काय करतात ते पाहिलं. जेवढं येत होतं, तेवढं केलं जात नव्हतं. हा अभ्यास मधुमेहाचा नव्हता, पण माहीत असणं आणि करणं यांच्यातली दरी त्यात स्पष्ट दिसली. म्हणूनच फक्त आणखी एक प्रशिक्षण शिबिर घेऊन ही दरी बुजत नाही.

मग ठरतं कशावरून? सवयीवरून

ब्रिटनमध्ये ९९ दवाखान्यांतल्या डॉक्टर आणि नर्सेसचा खास मधुमेहासाठी एक अभ्यास झाला. रक्तदाबाचं औषध वाढवणं, साखरेचं औषध वाढवणं, वजनाबद्दल सल्ला, स्वतःची काळजी कशी घ्यायची याचा सल्ला, आजाराची माहिती देणं आणि पाय तपासणं, अशी सहा कामं निवडली. कोण ही कामं करतं आणि त्यामागे मनात काय असतं, हे शोधलं.

२०१४ साली आलेल्या विश्लेषणातून कळलं की, डॉक्टरांचं वागणं दोन वाटांनी ठरतं. एक विचाराची वाट: हे करायला हवं असं वाटणं आणि त्याचं नियोजन करणं. दुसरी सवयीची वाट: विचार न करता हात आपोआप तिकडे जाणं. गाडी चालवताना गिअर बदलतो, तसं.

२०१७ साली याच माहितीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. 'कधी, कुठे, कसं करायचं' आणि 'अडचण आली तर काय करायचं' हे आधी ठरवलेलं असेल, तर त्या नियोजनाची सवय बनते आणि सवयीतून काम होतं.

साध्या भाषेत सांगायचं तर 'पाय तपासायला हवेत' हा नुसता विचार आहे. 'शुगरचा रुग्ण खुर्चीत बसला की नर्सताई आधी चपला काढायला सांगतील' हे नियोजन आहे. महिनाभर तसं केलं की ती सवय होते. मग रांगेत साठ माणसं असली तरी ते होतं.

पण प्रत्येक वेळी थांबणं चूक नसतं

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डॉक्टरांनी औषध वाढवलं नाही म्हणजे ते चुकलेच, असं नाही. रुग्ण खूप वयस्कर असेल, एकटा राहत असेल, कामाच्या दिवसांत जेवणाच्या वेळा चुकत असतील, तर शुगर थोडी वर ठेवणं शहाणपणाचं ठरू शकतं.

या दोन जिल्ह्यांत आणखी एक पेच आहे, तो सिकलसेलचा. एचबीएवनसी तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. सिकलसेल आजारात लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फक्त सिकलसेलचे वाहक असलेल्या आफ्रिकी-अमेरिकी लोकांमध्येही रक्तातली साखर सारखी असताना एचबीएवनसी साधारण ०.३ ने कमी दिसली होती.

म्हणजे इथे आकडा छान दिसला म्हणून निश्चिंत होणंही चुकीचं ठरू शकतं. अशा रुग्णांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची शुगरही बघावी लागते. फरक एवढाच की, विचार करून थांबलेल्या डॉक्टरला आपण का थांबलो ते सांगता येतं. रेंगाळलेल्याला ते सांगता येत नाही.

उपाय काय? आणि तो इथेच सापडतो

डॉक्टरांना दोष देऊन काही साधत नाही. दोष दिला की माणूस बचावात जातो. उपाय असा हवा की योग्य गोष्ट करणं हीच सगळ्यात सोपी गोष्ट ठरेल.

२०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. त्यात शेजारचे भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. कल्पना साधी होती. कोणतं औषध, किती डोस, महिन्याभराने दाब खाली आला नाही तर पुढची पायरी कोणती, हे एका कागदावर आधीच लिहून ठेवायचं. 'वाढवू की नको' हा प्रश्न दर वेळी नव्याने सोडवावा लागत नाही. डोस वाढवण्याची भीती एकट्या डॉक्टरच्या डोक्यावर राहत नाही. नर्स दाब मोजते, नोंद ठेवते, न आलेल्या रुग्णाला निरोप जातो. अशीच पायऱ्यांची पद्धत शुगरलाही लागू पडते.

आणि ठरलेल्या पायऱ्यांची ताकद गडचिरोलीने जगाला आधीच दाखवलीय. 'सर्च'ने ३९ गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. कोणत्या दिवशी जायचं, काय मोजायचं, काय दिसलं तर काय करायचं, हे सगळं ठरलेलं होतं. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आले: नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली.

त्या बायकांकडे वैद्यकीय पदवी नव्हती. त्यांच्याकडे ठरलेलं काम होतं, ते रोज करण्याची सवय होती आणि आपल्याला हे जमतं ही खात्री होती.

तुम्ही काय करू शकता?

ही सवय लावायला रुग्ण आणि घरचेही मदत करू शकतात. आई-बाबांना किंवा आजी-आजोबांना पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना एवढं करा:

- आधीच्या चिठ्ठ्या आणि शुगरचे आकडे तारखेप्रमाणे एका वहीत लिहून न्या. तीन महिने आकडा वरच असेल तर ते डॉक्टरांना एका नजरेत दिसेल.
- खुर्चीत बसल्याबरोबर चपला काढून ठेवा. पाय समोर दिसले की ते तपासले जाण्याची शक्यता वाढते.
- "शुगर इतकी आहे, औषध बदलायचं का? नसेल तर का नको?" हे नम्रपणे विचारा. हा आगाऊपणा नाही.
- घरात कुणाला सिकलसेल असेल, किंवा कुणी वाहक असेल, तर ते आवर्जून सांगा.
- तेंदू, मोहफूल किंवा रोवणीच्या हंगामात येणं जमणार नसेल तर आधीच सांगा, म्हणजे जास्त दिवसांची औषधं मिळतात का ते बघता येईल.
- डोळे आणि लघवीची तपासणी शेवटची कधी झाली ते विचारा. वर्ष उलटलं असेल तर ती करून घ्या.
- स्वतःच्या मनाने गोळ्या वाढवू किंवा बंद करू नका.

सिंदेवाहीच्या त्या काकांकडे परत जाऊ. त्यांची शुगर २१२ निघाली त्या दिवशी दवाखान्यात वाईट माणूस कुणीच नव्हता. डॉक्टर थकलेले होते, काका भिडस्त होते, रांग लांब होती. 'पुढच्या महिन्यात बघू' हे त्या सगळ्यांना सोयीचं होतं. त्या वेळी कुणीतरी फक्त एवढं म्हणायला हवं होतं: "मागच्या महिन्यातही हेच म्हटलं होतं."